साहेबांनी सांगितलं म्हणून एंट्री केली, तर अडकणार कोण?

मार्च एंडिंग उरकलं की एप्रिलच्या मध्यापासून माझ्याकडे अकाउंट्सवाली मंडळी येऊ लागतात. तक्रार झोपेची असते, अॅसिडिटीची असते, घरी मुलांवर उगाच ओरडण्याची असते. खरा प्रश्न बहुधा वेळ संपत आली की, उठता उठता बाहेर पडतो. "मॅडम, साहेबांनी सांगितलं म्हणून मी एंट्री केली. उद्या काही निघालं तर मी अडकेन का?" समुपदेशनाकडे वळण्याआधी मी स्वतः बरीच वर्षं कंपन्यांच्या लेखा विभागात काढली आहेत, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर विचारायला त्यांना कमी संकोच वाटत असावा. त्यातल्याच एकीची हकीकत तिच्या परवानगीने सांगते. नाव, रकमा आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिला मीनल म्हणू. तिशीची, सीए, चाकण परिसरातल्या सुटे भाग बनवणाऱ्या एका लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपनीत असिस्टंट मॅनेजर. पहाटे तीनला जाग येते ती येतेच, मग मोबाइलवर ऑफिसचे मेल उघडून बघत बसते, असं तिने सांगितलं. नवरा म्हणतो, सोड नोकरी. वडील म्हणतात, सगळीकडे हेच असतं, मान खाली घालून काम कर. दोघांचंही ऐकून तिची झोप काही परत आली नव्हती.

घडलं होतं ते असं. ३१ मार्चला रात्री साडेनऊनंतर एकाच डीलरच्या नावाने २.४ कोटी रुपयांची इनव्हॉइस निघाली. माल मात्र आवारातच उभा होता. गाड्या सुटल्या ५ एप्रिलला. मालवाहतुकीचं ऑनलाइन ई-वे बिल त्याच दिवशीचं, आणि गेटवरच्या आउटवर्ड रजिस्टरमध्ये वॉचमनने निळ्या बॉलपेनने गाडीचा नंबर आणि वेळ लिहिलेली, दुपारी १२.४०. (वरच्या मजल्यावर कितीही खलबतं होवोत, गेटवरच्या वॉचमनला त्यात सामील करून घ्यायचं कोणालाच सुचत नाही. जुन्या ऑडिटरना हे रजिस्टर का आवडतं ते यावरून कळावं.) ऑडिटरसाठी कटऑफचे, म्हणजे कोणती विक्री कोणत्या वर्षात पडते ते दाखवणारे, कागद लावण्याचं काम मीनलकडे होतं. तिने तारखांचा घोळ दाखवल्यावर तिचे साहेब, म्हणजे कंपनीचे सीएफओ (वित्तप्रमुख), हसून म्हणाले, "अगं, माल तयार आहे, बिल झालंय, कस्टमर आपलाच आहे. गाडी मिळाली नाही एवढंच. तारखेचा बाऊ करू नकोस." आणि जाता जाता, "ट्रान्सपोर्टरकडून ३१ तारखेची बिल्टी मागवून घे आणि फाइलला लाव." बिल्टी म्हणजे माल गाडीत चढल्याची ट्रान्सपोर्टरची पावती.

दुसऱ्या भेटीत मी तिला कागदाला मधोमध घडी घालायला सांगितली. डावीकडे डोळ्यांनी पाहिलेलं, उजवीकडे मनाने जोडलेलं. उजवी बाजू भराभर भरली. बँकेच्या अटी मोडू नयेत म्हणून हे चाललंय, साहेबांचा बोनस अडकलाय, ऑडिटरला सगळं ठाऊक आहे, शेवटी बळीचा बकरा मलाच करतील. डावीकडे चारच ओळी आल्या, त्याही बहुतेक तारखांच्या. रात्री तीनला तिला उठवत होती ती उजवी बाजू. ती खोटी होती असं मी म्हणत नाही. पण त्यातलं काहीच तिच्या हातात नव्हतं.

डाव्या बाजूकडे पाहिल्यावर आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. तिच्यासमोर एक प्रश्न नव्हता, दोन होते, आणि ते तिने एकात गुंतवले होते. विक्री मार्चची धरायची की एप्रिलची, यावर चर्चा होऊ शकते. माल विकणाऱ्याच्याच आवारात असताना विक्री धरायची मुभा इंड एएस ११५ या विक्रीच्या हिशेबाच्या मानकात आहे, पण अटी कडक आहेत. थांबवून ठेवण्यामागे खरं कारण हवं, उदाहरणार्थ ग्राहकाने स्वतः तशी विनंती केलेली असणं. माल त्याच्या नावाने वेगळा काढलेला हवा, रवाना करायच्या अवस्थेत हवा, आणि कंपनीला तो वापरता किंवा दुसऱ्या कोणाला देता येता कामा नये. "गाडी मिळाली नाही" हे त्यात बसत नाही. तरी ग्राहकाचं पत्र असूही शकतं, आणि तिने ते मागितलंच नव्हतं. अकाउंटिंगमध्ये अंदाजाला आणि मताला बरीच जागा असते. वॉरंटीची प्रोव्हिजन किती, बुडीत येणी किती, यावर दोन प्रामाणिक सीए तासभर भांडतील. बिल्टीवरची तारीख मात्र मतावर ठरत नाही. गाडी ज्या दिवशी निघाली तोच तो दिवस. तिथे साहेब तिच्याकडून मत मागत नव्हते, खोटा कागद मागत होते.

"पण मी तर हुकमाची ताबेदार," ती म्हणाली. इथे मी तिला बेट्टी व्हिन्सन या बाईंबद्दल सांगितलं. अमेरिकेतल्या वर्ल्डकॉम या टेलिकॉम कंपनीत त्या लेखा विभागात मधल्या फळीत होत्या. २००० सालच्या ऑक्टोबरमध्ये वरून सूचना आली की नफा दिसायला ८२.८ कोटी डॉलरच्या खर्चाची एंट्री फिरवा. त्यांना ते चूक वाटलं. त्यांनी आणि एका सहकाऱ्याने राजीनाम्याचा विचार केला. सीएफओंनी समजूत काढली, एवढी वेळ निभावून न्या, मग खुशाल जा. त्या थांबल्या. पुढच्या तिमाहीत पुन्हा तसंच, त्यापुढच्या तिमाहीतही. घोटाळा उघडा पडल्यावर २००२ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला आणि २००५ मध्ये त्यांना पाच महिन्यांचा तुरुंगवास झाला. स्वतःच्या खिशात पैसे घातल्याचा आरोप त्यांच्यावर नव्हता.

सत्यम या आयटी कंपनीचं नाव तिनेच काढलं. ७ जानेवारी २००९ चं चेअरमन रामलिंग राजूंचं कबुलीचं पत्र आणि त्यातली ५,०४० कोटींची नसलेली रोकड प्रत्येक सीएला पाठ असते. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरवलं, हेही पुष्कळांना आठवतं. त्या दहात चेअरमन, सीएफओ आणि ऑडिटर यांच्या जोडीला वित्त विभागातले हाताखालचे कर्मचारीही होते, हे मात्र फारसं कोणाच्या लक्षात राहत नाही. त्या शिक्षेला पुढे अपिलात स्थगिती मिळाली. पण आरोपी म्हणून जी वर्षं गेली ती गेलीच.

मी वकील नाही, हे तिला पहिल्यांदाच सांगितलं होतं. तरी कंपनी कायद्याचं कलम ४४७ तिने स्वतः उघडून वाचावं असं सुचवलं. फसवणुकीची रक्कम १० लाख किंवा उलाढालीचा एक टक्का, यांतली जी कमी असेल तेवढी झाली की किमान सहा महिने ते दहा वर्षं कैद आणि रकमेइतका ते तिप्पट दंड. नोकरीत असलेला सीएही सीएंच्या संस्थेच्या (आयसीएआय) शिस्तीच्या कक्षेत येतो, ते वेगळंच. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये बंद करता न येणारा एडिट लॉग सक्तीचा आहे. कोणती एंट्री कोणत्या युजर आयडीने किती वाजता केली किंवा बदलली, हे त्यात राहतं. साहेबांची तोंडी सूचना कोणत्याच लॉगमध्ये नसते.

हे ऐकून ती घाबरेल असं मला वाटलं होतं. उलट तिचे खांदे थोडे सैल झाले. इतके दिवस घरचे, ऑफिसातले सगळे तिला "तू फार विचार करतेस" म्हणत होते. आपण उगाच घाबरत नव्हतो, हे कोणीतरी कायद्याचं पुस्तक पुढे ठेवून सांगितल्याचा तो परिणाम असावा.

भीतीचा दुसरा भाग पैशांचा होता. नोकरी गेली तर काय, या वाक्याशी ती थबकायची, पुढे जायचीच नाही. मी तिला हिशेब करायला लावला. फ्लॅटचा हप्ता, घरखर्च, हाताशी असलेली शिल्लक. पाच महिने निघतात असं उत्तर आलं. पाच महिने म्हणजे फार नाही, पण "रस्त्यावर येऊ" हेही नाही. सीएला स्वतःच्या घराचा कॅश फ्लो काढायला सांगावं लागतं याचं तिलाच हसू आलं. त्या महिन्यातलं ते पहिलं हसू असावं.

मग मेल. तिचा पहिला मसुदा दोन पानांचा होता. त्यात सत्यम होतं, आचारसंहिता होती, "फसवणूक" हा शब्द तीनदा होता. ते सगळं काढून टाकल्यावर एवढं उरलं: "सर, या इनव्हॉइसमधला माल ५ एप्रिलला गेटबाहेर गेल्याचं आउटवर्ड रजिस्टर आणि ई-वे बिल दाखवतं. विक्री मार्चमध्ये धरायची असल्यास माल थांबवून ठेवण्याबद्दल ग्राहकाने पाठवलेलं पत्र लागेल. ते असेल तर मी कटऑफच्या कागदांना लावते. नसेल तर ही विक्री एप्रिलची धरावी असं माझं मत आहे. बिल्टी ट्रान्सपोर्टरने दिली आहे तशीच ऑडिटरला देत आहे." आरोप कोणावरच नाही. साहेबांना अब्रू राखून मागे फिरायला जागा आहे. आणि शेवटच्या वाक्यात ती काय करणार नाही तेही आलं.

एका बाबतीत मी तिला अडवलं. रजिस्टरचे आणि इनव्हॉइसचे फोटो तिने मोबाइलवर काढून ठेवले होते आणि ते स्वतःच्या जीमेलवर पाठवायच्या बेतात होती. कंपनीची माहिती अशी बाहेर नेली की गोपनीयतेचा भंग केल्याचा मुद्दा समोरच्याच्या हातात जातो, आणि मग मूळ विषय बाजूला पडतो. तारीखवार टिपण ठेवावं, आपण काय पाहिलं आणि कोण काय म्हणालं एवढंच लिहावं. कागद कोणते आणि कसे जपायचे ते वकिलाला विचारून ठरवावं.

दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावणं आलं. "मेलवर कशाला लिहिलंस? येऊन सांगायचंस की." ती म्हणाली, "सर, तोंडी सांगितलं होतं." मग साहेबांनी तिमाहीचं गणित पुढे केलं. एप्रिलची विक्री थोडी अलीकडे ओढली, जूनपर्यंत भरून निघेल. हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की आता त्याचं उत्तर आधीच तयार करून देते. २.४ कोटी मार्चमध्ये ओढले तर जून तिमाही उणे २.४ कोटींवर सुरू होते. आधी तो खड्डा बुजवायचा आणि वर वाढही दाखवायची, म्हणजे जुलैमधून आणखी मोठा आकडा ओढायचा. मीनलने हे कागदावर मांडून दाखवलं. साहेब काही बोलले नाहीत.

शेवटी ७० लाखांच्या मालाबद्दल ग्राहकाचं मार्चमधलंच पत्र निघालं. स्टोअरमध्ये जाऊन तिने पाहिलं, त्या खेपेचं पॅकिंग त्याच्या नावाने वेगळं लावल्याची मार्चमधली नोंद होती. ते मार्चमध्ये राहिलं. उरलेले १.७ कोटी एप्रिलमध्ये गेले. बिल्टीचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. संचालक मंडळाच्या ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांसाठी आम्ही एक पत्र तयार ठेवलं होतं. लिस्टेड कंपनीत अशी तक्रार करण्याची सोय कंपनी कायद्याच्या कलम १७७ नुसार सक्तीची आहे आणि गरज पडल्यास थेट अध्यक्षांपर्यंत जाता येतं. त्या पत्राची गरज पडली नाही.

सगळं गोड झालं का? नाही. त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये "टीममध्ये मिसळत नाही" असा शेरा आला. क्लोजिंगचं, म्हणजे हिशेब बंद करण्याचं, काम हळूहळू दुसऱ्याकडे गेलं. साहेब कॉरिडॉरमध्ये भेटले तर मोबाइलकडे बघत पुढे जात. याचा तिला त्रास झाला, आणि आम्ही काही भेटी फक्त त्यावरच बोललो. बरोबर वागल्यावर बरं वाटतं, असं लोक म्हणतात. पहिले काही महिने तसं फारसं वाटत नाही, एकटं वाटतं. हे आधी सांगितलेलं बरं असतं.

"आमच्याकडे कसली आलीय ऑडिट कमिटी, मालकच सगळं बघतात," असं मला छोट्या कंपन्यांतले लोक विचारतात. लिस्टेड नसलेल्या कंपनीतही, तिने लोकांकडून ठेवी घेतल्या असतील किंवा बँका आणि वित्तसंस्थांचं कर्ज ५० कोटींच्या वर असेल, तर तक्रारीची अशी यंत्रणा लागते. एवढी मोठी नसेल तर वाट अरुंद आहे. खासगी नोकरीतल्या माणसाला अशा तक्रारीबद्दल संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तिथे मी लेखी हरकत, खोट्या कागदाला नकार आणि शांतपणे दुसरी नोकरी शोधणं, एवढंच सुचवते. रागाच्या भरात दिलेला राजीनामा मी सहसा आठवडाभर थांबवायला लावते.

मीनलनेही दिवाळीनंतर नोकरी बदलली. मुलाखतीत "का सोडताय" विचारलं तर काय सांगायचं, याची आम्ही तयारी केली होती. "क्लोजिंगच्या पद्धतीवर मतभेद होते, तपशील कंपनीचा आहे म्हणून सांगता येणार नाही," इतकंच ती बोलली. समोरच्यांनी खोदून विचारलं नाही. पगार मात्र आधीच्या इतकाच दिला, आणि तिने तो घेतला.