वाचकांचे प्रश्न : पक्षांतर, ‘नोटा’ आणि मतदाराची जबाबदारी

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून आजवर एकही मतदान चुकवलेले नाही. मात्र ज्याला एका पक्षाचा म्हणून निवडून द्यावे, तो मध्येच दुसऱ्या बाजूला जाऊन बसतो आणि आमच्या हाती काही उरत नाही. यापुढे ‘नोटा’चे बटण दाबावे की मतदानालाच जाऊ नये, अशा विचारात आहे. आपले मत काय? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : आपला संताप समजण्याजोगा आहे, जून 2022 नंतर महाराष्ट्रात तो कोणत्याच एका पक्षाच्या मतदारांपुरता राहिलेला नाही. 1985 मध्ये 52व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट आले, तेव्हा एक तृतीयांश सदस्य फुटले तर त्यांना अभय होते. 2003 च्या 91व्या दुरुस्तीने ही पळवाट बुजवली, पण दोन तृतीयांश सदस्यांच्या संमतीने होणाऱ्या विलीनीकरणाची वाट मोकळी राहिली. त्याहून मोठी अडचण अशी, की अपात्रतेचा निर्णय सभागृहाच्या अध्यक्षांकडे आहे, ते बहुधा सत्ताधारी बाजूचे असतात आणि परिशिष्टात निर्णयासाठी मुदतच घातलेली नाही. साधारणपणे 3 महिन्यांत निर्णय व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने मणिपूरच्या प्रकरणात 2020 मध्ये सांगितले होते. तरीही आपल्याकडे 2022 च्या मध्यावर दाखल झालेल्या याचिकांचा निकाल 10 जानेवारी 2024 रोजी लागला, आणि तोही न्यायालयाने तारीख ठरवून दिल्यावर. निकाल बरोबर की चूक हा वाद बाजूला ठेवला, तरी पाच वर्षांच्या मुदतीतली दीड वर्षे त्यात गेली.

आता ‘नोटा’विषयी. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर 2013 च्या निकालामुळे हे बटण यंत्रावर आले. लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकीत ‘नोटा’ला कितीही मते पडली तरी सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवारच निवडून येतो. 2019 मध्ये लातूर ग्रामीण मतदारसंघात ‘नोटा’ 27 हजारांहून अधिक मतांनी दुसऱ्या क्रमांकावर होता आणि 2024 मध्ये इंदूरला त्याने 2 लाखांचा आकडा ओलांडला. दोन्हीकडे निकालात फरक पडला नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता मात्र आपल्या राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्ये वेगळा नियम केला असून, तेथे ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडल्यास फेरनिवडणूक घ्यावी लागते. तेव्हा उमेदवारांची शपथपत्रे वाचून, त्यांतला एकही पसंत नसेल तर आपण ‘नोटा’ खुशाल दाबावा. घरी बसण्याला मात्र माझा पाठिंबा नाही, कारण न आलेल्या मतदाराचा राग कोणत्याही तक्त्यात नोंदवला जात नाही.

माझ्या मते खरी उणीव मतदानानंतर सुरू होते. पक्षादेशाविरुद्ध मत दिल्यास खासदाराचे सदस्यत्व जाऊ शकते, त्यामुळे विधेयकावर तो काय करणार हे आपल्या आग्रहाने ठरत नाही. पण प्रश्न विचारण्यावर पक्षाचा व्हिप लागत नाही. लोकसभेत दर दिवशी 20 तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि 230 अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न घेतले जातात, आणि त्यांची उत्तरे संसदेच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीची तक्रार असेल, तर ‘केंद्राचे धोरण चुकीचे आहे’ असे चार पानी पत्र लिहून काही साधत नाही. त्याऐवजी आपल्या जिल्ह्यात किती केंद्रांवर, किती क्विंटल खरेदी झाली आणि किती शेतकऱ्यांचे पैसे थकले, एवढेच कृषी मंत्रालयाला विचारावे, असे एका पानात कळवावे. ‘माहिती गोळा करून सभागृहासमोर ठेवली जाईल’ असे उत्तर आले तरी ते टोलवाटोलवी समजून सोडू नये. ते आश्वासन मानले जाते, 3 महिन्यांत पुरे करणे अपेक्षित असते आणि त्यावर संसदेची स्वतंत्र समिती लक्ष ठेवते. आपला खासदार मंत्री असेल तर त्याला प्रश्न विचारता येत नाहीत. अशा वेळी राज्यसभेत महाराष्ट्राचे 19 सदस्य आहेत, त्यांच्यापैकी कोणाला लिहावे. दाराशी मत मागायला येणाऱ्याला ‘मागच्या मुदतीत कोणते प्रश्न विचारले?’ असे विचारणारे मतदार फार थोडे भेटतात, याचे मला नवल वाटत आले आहे.

प्रश्न : मी राज्य शासनाच्या सेवेत आहे. राष्ट्रीय राजकारणावर मला जाहीर मत मांडता येते का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : फारच मर्यादित. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 नुसार आपल्याला मतदान करता येते, पण पक्षाचे सदस्य होता येत नाही, प्रचार करता येत नाही आणि आपण कोणाला मत दिले याचा संकेतही देता येत नाही. शासनाच्या धोरणावर जाहीर टीका केल्यास कारवाई होऊ शकते, आणि मोबाइलवरचा मजकूर ‘खासगी’ होता हा बचाव टिकेल अशा भरवशावर राहू नये.

प्रश्न : आमच्या गावात पंतप्रधानांपासून परराष्ट्र धोरणापर्यंत सगळ्यांवर पारावर तावातावाने चर्चा होते, पण ग्रामसभेला माणूस मिळत नाही. या लोकांना काय सांगावे? (एक वाचक, कडेगाव)

उत्तर : पारावरच्या चर्चेला नावे ठेवू नयेत, दिल्लीवर मत असणे हा नागरिकाचा हक्कच आहे. त्याच मंडळींना एवढेच विचारा, की दिल्लीहून गावात आलेले पैसे कशावर खर्च झाले. 15व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी दिलेल्या अनुदानातील 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठी बंधित होती, तर उरलेली 40 टक्के अबंधित होती. ती कोठे खर्चायची हे गावच्या आराखड्यात ठरत होते, आणि आराखड्याला मंजुरी ग्रामसभेची. या सभेची गणसंख्या एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी कमी असेल ती आहे. तेवढे लोक जमले नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणसंख्येची अटच नसते. म्हणजे पुढच्या खेपेला जे पंधरा-वीस जण येतील त्यांचाच ठराव गावाचा ठरतो. हजेरीची वही घरोघर फिरवून सह्या घेतल्याच्या तक्रारी अनेक गावांतून ऐकू येतात. अशी वही दारात आली तर सही न करता सभेची तारीख आणि वेळ विचारावी, आणि सभेत मांडलेला मुद्दा इतिवृत्तात उतरला आहे की नाही, हे स्वतः वाचून पाहावे.