घराच्या अंतर्गत सजावटीला ‘आरास’ म्हणता येईल का? या शब्दाचा उगम काय?

‘आरास’ हा शब्द फारसीतून आला आहे. सजवणे, नीट मांडणे, सज्ज करणे या अर्थाचे ‘आरास्तन’ हे क्रियापद त्याच्या मुळाशी आहे. शहाजहानच्या कन्येच्या ‘जहाँआरा’ या नावातला ‘आरा’ही त्यातलाच. मराठीत मात्र हा शब्द गणपती, महालक्ष्म्या आणि चैत्रगौर यांच्यापुढील मांडणीसाठी इतका रुळला, की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानातही राहिले नाही.

अपवाद माझ्या थोरल्या दिरांचा. पंचवटीतल्या आमच्या घरच्या हळदीकुंकवाच्या निमंत्रणात मी ‘चैत्रगौरीची आरास पाहण्यास अगत्य यावे’ असे लिहिले होते. त्यांनी ‘आरास’वर काट मारून वर ‘सुशोभन’ लिहिले आणि देवीपुढे यावनी शब्द नको, भगूर इथून हाकेच्या अंतरावर असताना निदान नाशिककरांनी तरी सावरकरांची भाषाशुद्धी पाळावी, असे सुनावले. हे सर्व ते दिवाणखान्यात, गालिच्यावर बसून बोलत होते. दिवाणखाना आणि गालिचा हे दोन्ही शब्द फारसीच, दाराचा पडदाही फारसी, आणि ज्या महिरपीखाली गौर बसायची होती ती अरबी ‘मिहराब’. हळदीकुंकवाचे तबक व अत्तर हेही अरबीतून आलेले आहेत, तेव्हा भाऊजींच्या नियमाने सवाष्णींना नुसती कैरीची डाळ देऊन परत पाठवावे लागले असते. मी हे तेव्हाच बोलून दाखवले. सासूबाई हसल्या, पण पत्रिकेवर ‘सुशोभन’च छापले गेले. नगरपालिकेने चौकात कारंजे बसवावे, तसा तो शब्द मला आजही वाटतो.

माझे मत स्पष्ट आहे: जो शब्द बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या देवघरात वापरला, त्याच्या शुद्धीचा दाखला मागण्याचा अधिकार कोणालाही नाही. राज्यकारभाराची गोष्ट वेगळी होती. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो दरबारी फारसीला पर्याय म्हणून, आणि सावरकरांनी रूढ केलेले ‘दिनांक’, ‘महापौर’ हे शब्द मीही आनंदाने वापरते. घरातल्या कोणी असा शब्द खोडला, तर आपण तो पुन्हा लिहावा आणि पत्रिका स्वतः छापखान्यात नेऊन द्यावी.

आता आपल्या प्रश्नाविषयी. आरास ही सणापुरती मांडायची आणि सण सरला की आवरायची असते, त्यामुळे भिंतींचे रंग, कपाटे आणि छताचे काम यांना तो शब्द शोभणार नाही. ‘अंतर्गत सजावट’ हे इंग्रजीचे शब्दशः भाषांतर आहे, आणि ‘अंतर्गत’ म्हटले की मला तर अंतर्गत गटबाजीच आठवते. ‘गृहसजावट’ पुरेसे आहे. त्यातील ‘सजावट’ हिंदीच्या वळणाची आहे, हे भाऊजींना अद्याप कोणी सांगितलेले नाही.