अर्ज दोनशे, फोन एकही नाही

प्रश्न : बी.कॉम. झालोय, दोन वर्षं एका कारखान्यात टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम केलंय. सहा महिन्यांत नोकरी डॉट कॉमवरून दोनशे अर्ज टाकले, एक फोन नाही. पुण्यातल्या कंपन्या सोलापूरकरांना घेत नाहीत का? – एक वाचक, अशोक चौक

उत्तर : घेतात की! पण तुम्ही त्यांना सापडायला हवं. एचआरवाले पुष्कळदा आलेले अर्ज वाचत बसत नाहीत. ते 'जीएसटी रिटर्न', 'टीडीएस', 'बँक रिकन्सिलिएशन' असे शब्द टाकून शोधतात. ज्यांच्या प्रोफाइलमध्ये ते शब्द आहेत, तीच नावं वर येतात. तुम्ही पाठवलेल्या बायोडेटात पहिल्याच ओळीत 'मेहनती, प्रामाणिक, जिद्दी' आहे. प्रामाणिकपणा कोण टाइप करून शोधतंय? त्याऐवजी 'यंत्रमाग कारखान्याची खरेदी-विक्रीची बिलं टॅली प्राइममध्ये भरली' असं नेमकं काम लिहा. पसंतीच्या ठिकाणांत फक्त सोलापूर टाकलंय, तिथे पुणेही टाका. आठवड्यातून एकदा प्रोफाइल उघडून एखादी ओळ सुधारा, कारण बरेच जण अलीकडे अपडेट झालेल्यांनाच आधी बघतात.

आणखी एक. तुम्ही अशोक चौकातले, सोलापूरच्या पूर्व भागातले, म्हणजे घरात नाही तर शेजारीपाजारी तेलुगू बोलत असणार. मग भाषांच्या रकान्यात ती का नाही? पुण्यात बसून हैदराबादच्या ग्राहकाशी वसुलीचं बोलणाऱ्याला तेलुगू कामाला येते, अक्कलकोटकडच्यांना कन्नड. आपण सोलापूरकर भाषा घरची म्हणून सोडून देतो, तिला शिक्षणात धरतच नाही.

प्रश्न : व्हॉट्सअॅपवर ऑफर लेटर आलंय. 2,500 रुपये डिपॉझिट भरा, पहिल्या पगारात परत देऊ म्हणतात.

उत्तर : भरू नका. भरले असतील तर हे वाचणं सोडून 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत पळतात.

प्रश्न : आई-वडील थकलेत, सोलापूर सोडता येत नाही. पोर्टलवर मात्र सगळं पुण्या-मुंबईचंच दिसतं.

उत्तर : आधी एक गंमत करून बघा. इंग्रजीत 'सोलापूर' शोधून झालं की जुन्या स्पेलिंगनं 'शोलापूर'ही शोधा. काही जुन्या पेढ्या अजून तसंच लिहितात. राज्य सरकारच्या महास्वयम् पोर्टलवर नोंदणी करा, आपल्या जिल्ह्यातले रोजगार मेळावे तिथे कळतात.

पण खरं सांगू? अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलवाला किंवा गणवेश शिवणारा छोटा कारखानदार सहसा पोर्टलवर जाहिरात देत नाही, ओळखीत विचारतो. म्हणून गूगल मॅप्सवर त्या भागातले कारखाने काढा, नंबर उतरवा, रोज पाच फोन करा. 'जागा आहे का?' विचारलंत तर 'नाही' ऐकाल. 'ई-वे बिलं, डिस्पॅच बघतो, येऊन भेटू का?' असं विचारा.

प्रश्न : आयटीआय फिटर आहे, अनुभव शून्य. कुठून सुरुवात करू?

उत्तर : केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवरून. नोंदणी फुकट आहे आणि शिकता शिकता विद्यावेतन मिळतं. फक्त आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव जुळतंय का, ते आधी बघून घ्या.