व्यक्तिमत्त्व चाचणी: निकाल हाती आल्यावर काय करायचे?

व्यक्तिमत्त्व चाचण्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडून इथे उत्तरे देते आहे. पत्रे आटोपती केली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न: मी २७ वर्षांचा, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. कॉलेजात ऑनलाइन चाचणी दिली तेव्हा मी 'आयएनएफपी' (चार इंग्रजी अक्षरांनी सांगितलेला एक स्वभावप्रकार) आलो. इतकी वर्षे तेच धरून चाललो. गेल्या वर्षी टीम लीडची जागा देऊ केली होती, पण या प्रकारच्या माणसाला लोक सांभाळणे जमत नाही असे वाचले होते, म्हणून नाही म्हटले. आता कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तशीच चाचणी झाली आणि 'आयएसटीपी' आले. मग मी नेमका कोण?

अक्षरांचे नंतर बोलू, आधी त्या जागेविषयी. अशा चाचण्या तुमची आवडनिवड विचारतात: गर्दी आवडते की एकांत, आधी ठरवून काम करता की ऐन वेळी. कुवत त्या मोजतच नाहीत. त्यामुळे 'तुला लोक सांभाळता येणार नाहीत' असा निष्कर्ष त्यातून निघूच शकत नाही. अबोल माणसे उत्तम टीम चालवताना मी पाहिली आहेत. पुन्हा विचारणा झाली तर कामाचे स्वरूप बघून ठरवा, अक्षरे बघून नको.

आता अक्षरांकडे येऊ. कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकन मायलेकींनी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ च्या मांडणीवरून ही 'मायर्स-ब्रिग्ज' प्रश्नावली उभी केली. चार जोड्या (उदाहरणार्थ अंतर्मुख की बहिर्मुख), प्रत्येक जोडीतले एक अक्षर तुमचे, असे एकूण १६ प्रकार. अडचण आहे ती अक्षर देण्याच्या पद्धतीत. स्वभावाचे गुण उंचीसारखे पसरलेले असतात. बहुतेक लोक मध्याच्या आसपास, टोकाला थोडे. १६५ सेंटिमीटरवर रेघ मारून वरचे ते 'उंच' आणि खालचे ते 'बुटके' असे ठरवले, तर १६४ आणि १६६ वाले वेगळ्या गटांत जातील आणि १६६ वाला १८५ वाल्याच्या गटात जाऊन बसेल. मध्याजवळच्या माणसाने दोन-तीन प्रश्नांना जरा वेगळे उत्तर दिले की अक्षर बदलते. तुमची मधली दोन अक्षरे बदलली आहेत, म्हणजे त्या दोन बाबतींत तुम्ही बहुधा मध्याजवळ आहात. पहिले आणि शेवटचे मात्र इतक्या वर्षांनी तेच आले. तिथे तुमचा खरोखरच काही कल असू शकतो.

प्रकार सांगण्याऐवजी प्रत्येक स्वभावगुण किती आहे ते आकड्यात सांगणारी चाचणी घेतलीत तर जास्त कळेल. १९३६ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसाचे वर्णन करणारे जवळपास १८,००० शब्द वेचले. पुढच्या दशकांत अशा शब्दांवर काम करणाऱ्या वेगवेगळ्या संशोधकांना पुन्हा पुन्हा पाचच मोठे गट दिसत गेले: नव्या अनुभवांची ओढ, कामातला काटेकोरपणा, बहिर्मुखता, जुळवून घेण्याची वृत्ती आणि भावनिक अस्थिरता. मानसशास्त्रात आज सर्वाधिक वापर या पाच गुणांचा आहे. त्यावरची १२० प्रश्नांची एक प्रश्नावली इंटरनेटवर मोफत मिळते.

प्रश्न: माझे वर्णन वाचून अंगावर काटा आला. 'तुम्ही वरून खंबीर दिसता पण आतून काळजी करता' हे त्यांना कसे कळले? इतके अचूक असेल तर चाचणी खोटी कशी म्हणायची? (गृहिणी, रत्नागिरी)

तुमचे ते वाक्य जवळजवळ जसेच्या तसे १९४८ मध्ये अमेरिकेत ३९ विद्यार्थ्यांनाही मिळाले होते. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञांनी आपल्या वर्गाची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि आठवडाभराने प्रत्येकाच्या हाती 'त्याचे' वर्णन दिले. किती अचूक वाटते, याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मग उलगडा झाला: सगळ्यांना एकच कागद दिला होता आणि त्यातली वाक्ये राशिभविष्याच्या पुस्तकातून घेतलेली होती.

तुमच्या अंगावर आलेला काटा खरा आहे. ते वाक्य तुमच्या बाबतीत खरेही आहे. फक्त ते तुमच्या जाऊबाईंच्या आणि शेजारणीच्या बाबतीतही तितकेच खरे आहे, म्हणून त्यातून तुमची वेगळी ओळख होत नाही. अहवाल आणि पेन्सिल घेऊन बसा. प्रत्येक वाक्यापाशी विचारा, हे माझ्या बहिणीला लागू पडेल का? पडत असेल तर खोडा. मग 'मला चुकीचे वाटेल असे यात काही आहे का' ते शोधा. खरी चाचणी एखादी तरी न आवडणारी गोष्ट सांगते.

प्रश्न: मुलगी ८ वर्षांची आहे. एका शिबिरात तिच्या दहाही बोटांचे ठसे घेऊन जाडजूड रंगीत अहवाल दिला. त्यात 'तर्क-गणित कमी, संगीत जास्त' असे आहे. घरात आता अबॅकसचा क्लास बंद करून गाण्याला घालायचे चालले आहे. काय करू? (नाशिक)

अहवाल बाजूला ठेवा, आणि मुलीसमोर त्याचा उल्लेख बंद करा. हे मी पूर्ण जबाबदारीने सांगते आहे. बोटांवरच्या रेषांची नक्षी बाळ पोटात असतानाच, जन्माच्या कितीतरी आधी पक्की होते. तिच्यावरून बुद्धी, स्वभाव किंवा करिअर ओळखता येते याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने तशी जाहीर भूमिका घेतलेली आहे. या अहवालांत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांचे नाव हटकून येते. त्यांनी १९८३ मध्ये बहुविध बुद्धिमत्तेचा, म्हणजे बुद्धी एकच नसून अनेक प्रकारची असते असा, विचार मांडला हे खरे, पण त्या मांडणीत बोटांचे ठसे कुठेच नाहीत. नाव त्यांचे, ठसे दुसऱ्यांचे.

पैसे गेले ते गेले. आठ वर्षांच्या मुलीला 'तुला गणित जमणार नाही' हे घरच्यांच्या तोंडून ऐकू आले तर होणारे नुकसान मोठे आहे. अबॅकस चालू ठेवायचा की नाही, हे ती क्लासहून येते तेव्हा तिचा चेहरा कसा असतो त्यावर ठरवा. गाणे आवडत असेल तर गाणेही शिकू द्या, त्यासाठी गणित सोडायचे कारण नाही.

पुढे नववी-दहावीत चाचणीचा विचार करता येईल. तेव्हा एवढे लक्षात असू द्या की कल, क्षमता आणि स्वभाव या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची घेतलेली कल चाचणी अनेकांना आठवत असेल. एखाद्या विषयाकडे ओढा असणे आणि त्यात गती असणे, दोन्ही वेगवेगळे तपासावे लागते.

प्रश्न: वय ५२, बँकेत अधिकारी, कोल्हापूर. एका प्रशिक्षणात चाचणी झाली. 'शांत, समजूतदार, दुसऱ्याचे ऐकून घेणारा' असा निकाल आला. मी आनंदाने घरी दाखवला तर मुलगी म्हणाली, "बाबा, हा कागद दुसऱ्या कुणाचा आहे." बायको काही बोलली नाही. तेव्हापासून अस्वस्थ आहे. खरे कुणाचे मानायचे?

तुमचे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. निकाल फेकून न देता किंवा मुलीला गप्प न करता तुम्ही अस्वस्थ राहिलात, हे मला फार मोलाचे वाटते.

प्रश्नावली तेच परत देते जे तुम्ही तिला सांगता. 'मी शांत आहे' यावर तुम्ही सहमत अशी खूण केली, तर निकालात शांत येणारच. आता प्रश्न उरतो तो आपण स्वतःला किती ओळखतो याचा. सिमिन वझिरे या संशोधिकेने २०१० मध्ये नेमके हेच तपासले. आत चालणाऱ्या गोष्टी, म्हणजे चिंता, धाकधूक, स्वतःविषयीच्या शंका, या ज्याच्या त्याला अधिक नीट कळतात. पण जिथे चांगले दिसण्याची आपल्याला आस असते, उदाहरणार्थ आपली हुशारी, तिथे जवळच्या मित्रांचा अंदाज अधिक बरोबर निघाला. तुमच्या मनातली घालमेल मुलीला दिसत नसेल. तुमचा चढलेला आवाज मात्र तिला तुमच्या आधी ऐकू येतो.

यावर एक उपाय आहे. तीच प्रश्नावली बायको, मुलगी आणि बँकेतला एखादा जुना सहकारी यांना तुमच्याविषयी भरायला द्या. माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याने असे केले. 'समोरच्याचे पूर्ण ऐकून घेतो' या वाक्याला नवऱ्याने स्वतःला ५ दिले होते, बायकोने २. तो म्हणाला, "ती काय बोलली ते मी शब्दन् शब्द सांगू शकतो." आणि त्याने सांगितलेही. ती म्हणाली, "मी बोलत असते तेव्हा यांचा अंगठा मोबाइलवर फिरत असतो. ते मान हलवतात, पण माझ्याकडे बघत नाहीत." दोघांपैकी कुणीही खोटे बोलत नव्हते. कानावर पडले म्हणजे ऐकले, असा त्याचा हिशेब होता. तिला तेवढे पुरत नव्हते. तीन गुणांच्या त्या फरकावर दोघे तासभर बोलले.

तुमचा सहकारी कदाचित तुमच्या बाजूने गुण देईल. तेही खरे असू शकते. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्येच दाखवून दिले होते की एकाच माणसाचे वागणे प्रसंगानुसार आपण समजतो त्याहून खूप बदलते. काउंटरपलीकडच्या चिडलेल्या ग्राहकाशी संयमाने बोलणारा माणूस घरी येईपर्यंत तो संयम संपवून बसलेला असतो, हे मी पुष्कळ घरांत पाहते. शांतपणा तुमच्यात आहेच, फक्त तो कुठे खर्च होतो ते या तुलनेत दिसेल.

मात्र पथ्ये पाळा. ज्याने कमी गुण दिले त्याला जाब विचारायचा नाही. "असे शेवटचे कधी झाले?" एवढेच विचारायचे आणि उत्तर मध्येच न तोडता ऐकायचे. मुलीला तिच्या खरेपणाची किंमत मोजावी लागली तर ती पुन्हा कधीही खरे सांगणार नाही. आणि बायको काही बोलली नाही, असे तुम्ही लिहिले आहे. तिच्यापासून सुरुवात करा.

प्रश्न: एसएसबीची (सैन्यदलांतील अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या चाचण्यांची) तयारी करतो आहे, सातारा. क्लासमध्ये मानसशास्त्रीय चाचण्यांची 'आदर्श' उत्तरे पाठ करून घेतात. पाठ करू का?

नको. पाच दिवसांच्या त्या निवडीत तुम्हाला ६० शब्द दाखवतात आणि प्रत्येकाला १५ सेकंद मिळतात. ६० प्रसंगांवरच्या प्रतिक्रिया ३० मिनिटांत लिहायच्या असतात. वेगच असा ठेवलेला आहे की पाठ केलेले फार काळ टिकत नाही. शिवाय मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारे अधिकारी आणि मैदानावरचे गट-चाचणी अधिकारी असे तिघे तुम्हाला तीन बाजूंनी पाहतात आणि शेवटच्या दिवशी एकत्र बसतात. कागदावर धाडसी आणि मैदानावर मागे राहणारा उमेदवार तिथे उघडा पडतो. एकाच चाचणीवर भिस्त न ठेवण्याची ही पद्धत मला फार पटते.

वेळ द्यायचा तर आत्मवर्णनाला द्या. आई-वडील, शिक्षक आणि मित्र तुमच्याविषयी काय म्हणतात, हे त्यात लिहायचे असते. बहुतेक मुले अंदाजाने लिहितात. तुम्ही खरोखर जाऊन विचारा. मित्राला म्हणा, "माझी एक गोष्ट सांग, जी तुला खटकते." सुट्टीवर आलेला एखादा फौजी गावात असेल तर त्यालाही भेटा.

प्रश्न: वय ३८, शिक्षिका, अमरावती. ऑनलाइन चाचणीत 'भावनिक अस्थिरता' ९० पर्सेंटाइल आली. तेव्हापासून झोप नाही. मला मानसिक आजार आहे का? हे बदलते का?

नाही, या आकड्यावरून आजार ठरत नाही. ९० पर्सेंटाइल म्हणजे ज्या लोकांशी तुमची तुलना केली त्यांतल्या साधारण ९० टक्के लोकांपेक्षा तुमचे गुण जास्त. आता ते लोक कोण? परदेशी संकेतस्थळांवर ते बहुधा परदेशातलेच असतात. वऱ्हाडातल्या शाळेत शिकवणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या बाईची तुलना त्यांच्याशी कितपत लागू पडते, ही शंका घ्यायलाच हवी. हा गुण जास्त असणे म्हणजे मन लवकर हलते, काळजी लवकर लागते. असे असूनही उत्तम काम करणारी असंख्य माणसे आहेत.

आणि हो, बदलते. २०१७ मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०७ अभ्यास एकत्र करून पाहिले. सरासरी २४ आठवड्यांच्या उपचारांनंतर व्यक्तिमत्त्वात मोजता येईल इतका फरक दिसला, आणि सर्वांत जास्त फरक नेमका याच गुणात होता. वय वाढते तसाही हा गुण बहुतेकांत हळूहळू उतरतो.

मला काळजी वाटते ती तुमच्या झोपेची. पुढचे काही दिवस किती वाजता आडव्या झालात, किती वाजता झोप लागली आणि जागेपणी कशाचा विचार चालू होता, एवढे वहीत लिहा. झोप येत नाही, भूक मेली आहे, वर्गात उभे राहणे जड जाते आहे, असे दोन आठवड्यांहून जास्त चालले असेल तर ती वही घेऊन मनोविकारतज्ज्ञांकडे किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडे जा. चाचणीच्या प्रिंटआउटपेक्षा त्यांना तिचा उपयोग जास्त होईल. लगेच जाणे शक्य नसेल तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकाला फोन करा. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येते.