आधी कोड लहान कर

बाळा,

काल तुझा फोन आला तेव्हा मी वावरातून नुकताच घरी पोचलो होतो, म्हणून नीट बोलणं झालं नाही. "काका, लॅपटॉपवर बरोबर चालते, बोर्डावर चालत नाही, म्हणजे कंपायलरच चुकते," असं तू तीनदा म्हणालास. आंबिया बहाराचा ताण तोडून झाडांना पाणी द्यायची वेळ, लाइन रात्रीची, आणि लाइन आली की मोटार आपोआप सुरू करायला तू बनवलेला ऑटो स्टार्टर मोटार सुरूच करत नाही. बाबांसमोर तुझं काय होत असेल ते मला कळतं. पण आपला कोड यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या कंपायलरचं नाव इतक्या लवकर घेतलंस, ते मला आवडलं नाही.

कोड लहान केला होतास का? नाही. सातशे ओळी जशाच्या तशा पाठवल्यास. रात्री मीच छाटत बसलो. एसएमएसचा भाग काढला, बिघाड तसाच. फेज तपासणं काढलं, तसाच. शेवटी चार ओळी उरल्या. लाइन आल्यावर मिनिटभर थांबायला तू डिले या थांबायच्या आज्ञेत ६० * १००० मिलिसेकंद लिहिलंयस. इंट म्हणजे पूर्णांक ठेवायचा डबा, तुझ्या लॅपटॉपवर तो ३२ बिटांचा असतो. तुझ्या आठ बिटांच्या उनो बोर्डावर १६ बिटांचा, त्यात ३२,७६७ च्या पुढं मावत नाही. ६०,००० चे झाले उणे ५,५३६. डिलेला उणे आकडा कळत नाही, त्यानं तो ४,२९,४९,६१,७६० मिलिसेकंद धरला. म्हणजे ४९ दिवसांहून जास्त! तुझा स्टार्टर बिघडलेला नाही, तो अजून वाट बघतोय. ६० ला जोडून लगेच नंतर यूएल लिही, म्हणजे हिशोब ३२ बिटांत होईल. कंपायलर हे सांगतही होता, पण तुझ्या आयडीईत, म्हणजे कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, वॉर्निंग बंद आहेत. त्या आधी सुरू कर.

मी इतकं का बोलतोय? पुण्यात नोकरीला असताना माझं एक मीटर ऑप्टिमायझेशन, म्हणजे कंपायलरनं कोड आपणहून आटोपशीर करणं, लावलं की अडकायचं. मी साहेबांना छातीठोक सांगितलं, कंपायलर खराब आहे. ऑप्टिमायझेशन बंद करून आम्ही दोन वर्षं माल पाठवला. मग नव्यानं आलेल्या एका मुलीनं तो कोड पंधरा ओळींवर आणला. इंटरप्टमध्ये, म्हणजे चालू काम मधेच थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये, बदलणाऱ्या फ्लॅगला मी व्होलाटाइल लिहिलंच नव्हतं; ही किंमत कधीही बदलू शकते, असं कंपायलरला सांगणारा तो शब्द. एक शब्द! त्या मीटिंगमध्ये मी तिला शाबासकी दिली नाही, गप्प बसलो. ते अजून सलतं. तेव्हा हाताशी नेट नव्हतं, मॅन्युअल एकच आणि तेही साहेबांच्या कपाटात, हे खरं आहे. पण पंधरा ओळी करायला मॅन्युअल लागत नाही.

कंपायलर चुकतच नाहीत असं मी म्हणत नाही. युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी सीस्मिथ नावाचं साधन वापरून तीन वर्षांत वेगवेगळ्या कंपायलरमधले ३२५ हून जास्त नवे दोष कळवले. २०११ मध्ये त्यांचा निबंध आला. पण त्यांनी काय केलं ते बघ. सी भाषेच्या नियमाबाहेरचं काही नसलेले प्रोग्राम तयार केले, तेच अनेक कंपायलरांना दिले आणि कुणाचं उत्तर वेगळं येतं ते पाहिलं. आपली बाजू आधी साफ. मीही एकदा खरा ठरलो होतो. कंपायलर स्वतःच कोसळायचा, 'इंटर्नल कंपायलर एरर' म्हणून. तसं झालं तर दोष त्याचाच, तू काहीही लिहिलेलं असो. तरी माझं म्हणणं कुणी ऐकेना. चार हजार ओळींच्या अकरा केल्या तेव्हा ऐकलं. लोक मला हट्टी म्हणायचे. म्हणोत. त्या अकरा ओळी बरोबर होत्या.

तू म्हणालास, ऑप्टिमायझेशन बदललं की विहिरीतल्या पाण्याची पातळी सांगणारा फ्लोट स्विच वाचलाच जात नाही. त्यावर मला संशय आहे, पण सांगणार नाही. तू छाट. एक भाग काढ, चालव, बघ. बिघाड गेला तर तो भाग परत घाल, दुसरा काढ. वीस ओळींच्या आत आण. बिघाड त्या वीस ओळींत दिसलाच पाहिजे.

रविवारी सकाळी ये, बोर्ड आणि रिले घेऊन. तोवर मोटार हातानंच सुरू करा, झाडांना थांबवू नका.

तुझा
काका