रात्री पेटणारे तळपाय

प्रश्न : वडील ६२ वर्षांचे, मधुमेह १४ वर्षांचा. रात्री तळपायांची आग होते, पांघरूणही सोसत नाही. प्रीगॅबालिन (नसांच्या वेदनेची गोळी) दहा दिवस घेतली, गुण नाही म्हणून सोडली. सध्या दुकानातून वेदनाशामक आणतात. काय करावे? (तासगाव, जि. सांगली)

उत्तर : आधी त्या वेदनाशामक गोळ्या थांबवा. ही आग दुखापतीची किंवा सुजेची नव्हे. मधुमेहाने बिघडलेल्या नसाच चुकीचे संदेश पाठवतात, म्हणून डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या इथे फारशा लागू पडत नाहीत, वर मूत्रपिंडाला त्रास. प्रीगॅबालिन बहुधा रात्री ७५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात. पुरेशी मात्रा काही आठवडे घेतल्याशिवाय औषध फसले म्हणू नये. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेले असेल तर मात्रा कमी लागते. या औषधाने गुंगी, तोल जाणे, पायाला सूज असे काही झाले तर डॉक्टरांना सांगा; त्यांना विचारूनच ड्युलोक्सेटिन या दुसऱ्या औषधाचा पर्याय. वेदना निम्मी झाली, झोप लागली, तरी ते यशच समजा; पूर्ण नाहीशी होणे विरळा.

मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी अनेक वर्षे चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. त्याच्या कमतरतेनेही अशीच जळजळ होते.

आग शमवायला बर्फ किंवा गरम पाणी नकोच. आग होणाऱ्या पायालाही भाजल्याचे कळेलच असे नाही. पाण्याचा अंदाज कोपराने घ्या. द्राक्षबागेत अनवाणी जाऊ नये, बूट घालण्याआधी झटकावेत, आणि रोज रात्री बोटांच्या बेचक्या कुणीतरी दिव्याखाली पाहाव्यात.