मंदी आली तर दीर्घकालीन देखभाल केंद्रातल्या नर्सची नोकरी टिकते का?

तुमचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष चालू आहे, वृद्ध आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या केंद्रात नोकरी धरायची आहे, आणि घरचे म्हणतायत की मंदीत पहिली कुऱ्हाड अशाच जागांवर पडते. २००८ ची मंदी आली तेव्हा मी या कामात नवीनच होते. नोकरी बहुतेकींची टिकली. पण पगाराच्या पाकिटात आणि ड्यूटीवर जे झालं ते कुणी आधी सांगितलं नव्हतं.

आमच्या केंद्रात त्या वर्षी एकाही सिस्टरला काढलं नाही. सोडून गेलेल्यांच्या जागा मात्र भरल्या नाहीत. रोस्टर पेन्सिलनं लिहायला लागले. महिन्याच्या मध्यातच ओव्हरटाइम खोडला जायचा. नाइटला तिघींऐवजी दोघी. ऐकायला एकच माणूस कमी, पण जो स्वतः हलू शकत नाही त्याची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, आणि जड रुग्णाला वळवायला दोघी लागतात. आम्ही दोघी एका खोलीत चादर धरून उभ्या, आणि कॉरिडॉरच्या टोकाला कुणाची तरी बेल वाजतेय. तिसरी असती तर गेली असती. बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमा, वाढतात ते अशा रात्रींत.

आता पैशाचं गणित. रुग्णालयात लोक बरे होऊन घरी जातात, इथे बहुतेक जण राहायला आलेले असतात. मंदी आली म्हणून कुणाचा पक्षाघात पुढे ढकलला जात नाही, त्यामुळे मागणी एका रात्रीत आटत नाही. तरी खाटा हळूहळू रिकाम्या राहायला लागतात. घरातल्या कुणाची नोकरी गेली की तोच आईला सांभाळतो. २००८ नंतर अमेरिकेत घरांच्या किमती पडल्या, आणि घर विकून त्या पैशावर वृद्धांच्या निवासात जायचं ठरवलेले पुष्कळ जण थांबून राहिले. तिथल्या नर्सिंग होममध्ये दहातल्या साधारण सहा जणांचा खर्च मेडिकेड ही सरकारी योजना उचलते. मंदीत राज्यांचा कर कमी जमतो आणि नेमके तेव्हाच योजनेत येणारे वाढतात. मग योजनेतून केंद्राला रुग्णामागे मिळणारे दर गोठवले जातात, आणि केंद्राच्या खर्चात सर्वात मोठा वाटा पगारांचाच असल्यामुळे कात्री तिथेच लागते.

दुसरी बाजू मला स्वतःला उशिरा कळली. मंदीत नर्स मिळतात. नवऱ्याची नोकरी गेली की घरी बसलेली सिस्टर परत युनिफॉर्म घालते, निवृत्तीला आलेली आणखी दोन वर्षं थांबते. २००७ आणि २००८ या दोन वर्षांत अमेरिकेतल्या रुग्णालयांत नर्सची संख्या जवळपास अडीच लाखांनी वाढली. रुग्णालयातल्या जागा भरल्या की उरलेल्या आमच्याकडे वळतात. तिथल्याच अर्थतज्ज्ञांच्या २०१५ च्या एका अभ्यासात तर असं दिसलं की तेजीच्या काळात नर्सिंग होमना माणसं कमी पडतात आणि तिथल्या वृद्धांचे मृत्यू वाढतात. म्हणजे रुग्णाच्या दृष्टीनं मंदी सगळीच वाईट नसते! तुमच्यासारख्या नवीन मुलीला मात्र त्याच जागेसाठी वीस वर्षं अनुभव असलेली बाई समोर उभी दिसते. पहिली नोकरी मिळायला लागणारा वेळ, हा तुमचा खरा धोका.

२०२० ला या हिशेबात धरू नका. तेव्हा लोक संसर्गाच्या भीतीनं आणि थकून सोडून गेले, ती मंदीची गोष्ट नव्हती.

मुलाखतीला जाल तेव्हा पगाराआधी दोन गोष्टी विचारा: रात्री एका सिस्टरकडे किती रुग्ण, आणि किती खाटांचे पैसे सरकार किंवा विमा देतो, किती जण स्वतः भरतात. घरचे पैसे भरतात अशा खाटा जास्त असतील तर शेअर बाजार कोसळल्याचा धक्का तिथे लवकर पोहोचतो. सरकारी पैशावर चालणाऱ्या केंद्रात तो उशिरा येतो, अर्थसंकल्पातून, आणि जास्त काळ मुक्काम ठोकतो. नेमणूकपत्रात आठवड्याचे किमान तास लिहून घ्या. आमच्यातल्या ज्यांच्या पत्रात ते नव्हते, त्यांचं नाव रोस्टरवर शेवटपर्यंत होतं, फक्त आठवड्यातून दोनदा.